गोव्यातल्या मराठी दैनिकांच्या संपादकांना, एका फुकट्या वाचकाचं पत्र

सन्माननीय संपादक महोदय,

हे पत्र तुमच्यापैकी कुणा एकाला नाही. गोव्यात बसून मराठी दैनिक काढणाऱ्या सगळ्यांना आहे, म्हणून उघडच लिहिते आहे.

येत्या महिन्याभरात तुमचे बरेच वाचक एकदम कमी होणार आहेत. तुमच्या वितरण विभागाला त्याचा पत्ताही लागणार नाही, कारण आम्ही कधी तुमचे ग्राहकच नव्हतो. आम्ही ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठाच्या वसतिगृहांत राहून, वाचनखोलीत येणारे पेपर फुकट वाचणारे. परीक्षा संपल्या, प्रबंध दिले, तोंडी परीक्षा झाल्या. आता नो ड्यूजचा कागद घेऊन सह्या गोळा करत फिरायचं, प्रयोगशाळेतला हातोडा आणि होकायंत्र परत करायचं, ट्रंका बांधायच्या आणि निघायचं. पदवीदान सोहळा व्हायचा तेव्हा होईल. टोपी घालून फोटो काढायला परत येऊच. पण पेपर वाचायला कुणी परत येणार नाही. त्याबद्दल हे पत्र.

आधी तुमचा पेपर आमच्याकडे कसा वाचला जायचा ते सांगते, कारण तुम्हाला ते कुणी सांगितलेलं नसणार. सकाळी अंघोळीच्या रांगेत नंबर लावून आम्ही वाचनखोलीत यायचो. लांब टेबल, त्यावर सगळे पेपर एकत्र पसरलेले. पहिलं पान कुणालाच नको असायचं. पहिल्या पानावरचं सगळं आदल्या रात्रीच मोबाईलवर आलेलं असे. मी सत्तरी तालुक्यातली, त्यामुळे सत्तरीच्या बातम्यांचं पान माझं. काणकोणची मैत्रीण दुसऱ्या पेपरातलं तिच्या तालुक्याचं पान ओढून घ्यायची. पेडण्याची एकजण निधनवार्तांपासून सुरुवात करायची आणि गावातलं कोण गेलं हे आईला फोन करून तिच्या आधी सांगायची. पेपराचे असे तुकडे होत. जेवणाच्या वेळेपर्यंत कुठलं पान कुठल्या पेपराचं हे खुद्द संपादकांनाही ओळखता आलं नसतं. शब्दकोडं तर सार्वजनिक मालमत्ता. निळ्या शाईत आडवे शब्द, काळ्यात उभे, पेन्सिलीने कुणीतरी केलेल्या दुरुस्त्या, आणि कोपऱ्यात ‘हे चुकलंय, नीट बघ’ असा शेरा. कुणी लिहिला ते कधी कळलं नाही.

आणि भोकं. नोकरीच्या जाहिराती कुणीतरी ब्लेडने कापून न्यायचं. ‘कोकणीचे ज्ञान अत्यावश्यक, मराठीचे ज्ञान इष्ट’ हे वाक्य ज्या चौकोनात असे तो चौकोन दुपारपर्यंत टिकत नसे. अडचण अशी की तुमच्यापैकी एकजण नेमका त्या जाहिरातीच्या पाठीमागे अग्रलेख छापायचा. त्यामुळे तुमचे कित्येक अग्रलेख आम्ही मधला परिच्छेद सोडून वाचले आहेत. खरं सांगायचं तर काही वेळा फारसं अडलं नाही.

‘पेपर वाचून कितें मेळटा?’ असं खोलीतली मैत्रीण मला विचारायची. तिचं घर मडगावचं, शाळा पहिलीपासून इंग्रजी. माझं उत्तर तिला पटायचं नाही, तुम्हाला मात्र पटावं. गोव्यात माझ्यासारख्या हजारो मुलांची मराठी शाळा चौथीला संपते. 1990 पासूनच्या सरकारी धोरणाने अनुदान मराठी आणि कोकणी प्राथमिक शाळांना मिळालं, 2011 मध्ये ते इंग्रजी प्राथमिक शाळांनाही सुरू झालं, त्यावरून केवढा गदारोळ झाला तो तुम्हीच छापला. पण त्या सगळ्या वादात पाचवीच्या वर्गात काय होतं ते कुणी विचारत नाही. पाचवीला एका रात्रीत गणित, विज्ञान, इतिहास सगळं इंग्रजीत जातं, मराठी हा एक विषय उरतो. त्यापुढे मला चांगलं मराठी गद्य भेटलं ते पेपरात. बरं-वाईट दोन्ही. वाक्य कसं संपवायचं, ‘परंतु’ कुठे टाकायचा, एखाद्याला न दुखावता कसं झोडायचं, हे मी तुमच्या वाचकांच्या पत्रव्यवहारातून शिकले. भूशास्त्रात एमएस्सी केलेली मुलगी हे पत्र मराठीत लिहू शकते याचं बरंचसं श्रेय तुमच्या वार्ताहरांना आहे. त्यांना मानधन किती मिळतं हे मी विचारणार नाही. अंदाज आहे.

आमच्या घरात पेपराचं वजन वेगळंच होतं. आजोबा ‘गोमन्तक’वाले, तेही 1962 साली तो निघाला तेव्हापासूनचे. समोरच्या घरातले मास्तर ‘राष्ट्रमत’ मागवायचे. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलाच्या आधी दोन्ही पेपर मराठीत भांडत होते: एक म्हणत होता महाराष्ट्रात विलीन व्हा, दुसरा म्हणत होता होऊ नका. ‘राष्ट्रमत’मधलं उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर विलीनीकरणाच्या विरोधात कोसळायचं तेही मराठीतूनच. 34,021 मतांच्या फरकाने विलीनीकरण हरलं. आजोबा त्यानंतर काही दिवस मास्तरांशी बोलले नाहीत म्हणे, पण संध्याकाळी पेपरांची अदलाबदल चालू होती. आजी ते काम करायची, पदराखाली पेपर लपवून. मास्तरांचा मुलगा अजून हसत हसत सांगतो. ‘राष्ट्रमत’ आता नाही. कोकणीतला ‘सुनापरान्त’ही 2015 मध्ये बंद पडला. एखादा पेपर बंद पडतो तेव्हा त्याच्या बाजूने वाद घालणारी माणसंही हळूहळू गप्प होतात, असं मला वाटतं. समोरच्या घरात आता कुठलाच पेपर येत नाही.

आता मुद्द्याचं. माझा प्रबंध सत्तरीतल्या झरींवर होता. आमच्याकडच्या पठारांवर वर जांभ्याचा थर असतो. चिरे काढतात तोच. तो भोकाभोकांचा, पावसाचं पाणी भराभर शोषून घेतो. खाली चिकणमातीचा थर लागला की पाणी अडतं आणि बाजूला वाट शोधत पठाराच्या कडेला झर होऊन बाहेर पडतं. आमची कुळागरं, म्हणजे पोफळी, केळी, मिरवेलींच्या बागा, सगळी या झरींच्या पाटावर उभी आहेत. कुठल्या झरीवर काम करायचं हे ठरत नव्हतं. गाइडकडे याद्या होत्या, सरकारी नकाशे होते. शेवटी ठरलं ते तुमच्यापैकी एकाच्या आतल्या पानावरच्या दोन कॉलमांच्या बातमीवरून. ‘वाळपई (प्रतिनिधी)’ एवढंच वर. मार्चमध्येच झर आटली, बागायतदार हवालदिल, टँकर मागवावा लागला, पंच अमुक म्हणाले. बातमीत वाड्याचं नाव होतं, ते सरकारी नकाशावर नव्हतं. मी बसने गेले, पुढे चालत गेले, आणि बातमीत लिहिल्याप्रमाणे फणसाच्या झाडाखालची ती झर सापडली. काठावर कळशी पालथी घातलेली होती.

गावात सगळे म्हणत होते, वरच्या बाजूला नव्या बोअरवेली मारल्या म्हणून असं झालं. मलाही तसंच वाटत होतं. पण एका वयस्क बागायतदाराने सांगितलं की मुली, ही झर पूर्वी एकदा आटली होती, पेपरातही आलं होतं. मी नेटवर शोधलं. तुमच्यापैकी एका पेपराच्या संकेतस्थळावर सत्तरीतल्या पाण्याबद्दलच्या जुन्या बातम्यांचे दुवे दिसत होते. एकेक उघडून पाहिला, प्रत्येक वेळी ‘पान सापडत नाही’. संकेतस्थळ नव्याने बांधलं की जुनं सगळं जातं, हे मला तिथे कळलं. सगळ्याच दैनिकांकडे कमी-अधिक असंच आहे.

मग पणजीत पाटोला गेले, कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात. 1832 सालचं ते ग्रंथालय, आता नव्या इमारतीत आहे. जुन्या पेपरांचे बांधीव गठ्ठे मागितले. हातात धरताना कडांचा भुगा होत होता, हाताला पिवळी धूळ लागत होती. एका पानावर सरकारी निविदांच्या खाली, माझ्या जन्माआधीच्या एका उन्हाळ्यातली ती बातमी होती. तोच वाडा, तीच झर. तेव्हा तिथे एकही बोअरवेल नव्हती. म्हणजे सगळा दोष बोअरवेलींना देता येत नव्हता. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मला नव्याने लिहावं लागलं आणि परीक्षकांनी नेमकं त्यावरच सर्वात जास्त प्रश्न विचारले. कुठल्या तरी वार्ताहराने तेव्हा सायकलने जाऊन, हाताने लिहून, बसच्या कंडक्टरकडे पाकीट दिलं असेल. त्याच्या चार ओळी माझ्या संदर्भांत आहेत. त्याचं नाव नाही, कारण तुम्ही छापलं नव्हतं.

तेव्हा पहिली विनंती: वार्ताहराचं नाव छापा. ‘प्रतिनिधी’ हे कुणाचं नाव नाही. आणि जुन्या बातम्यांचे दुवे मारू नका. दुसरं काही जमलं नाही तरी एवढं करा.

म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या वादाचंही तसंच. ऑगस्ट 2018 मध्ये लवादाने कर्नाटकाला 13.42 टीएमसी पाणी दिलं, गोव्याला 24, महाराष्ट्राला 1.33. हे आकडे तुम्ही इतक्या वेळा छापले की आम्हाला तोंडपाठ आहेत. पण एक टीएमसी म्हणजे 2.83 कोटी घनमीटर, आणि तेवढं पाणी नदीत पावसाळ्यात वाहतं की उन्हाळ्यात यावर सगळी कथा अवलंबून आहे, हे मला वर्गात कळलं, पेपरात नाही. म्हादईचं बहुतेक सगळं पाणी जून ते सप्टेंबरमध्ये येतं. वळवलेल्या पाण्याची खरी झळ केव्हा आणि कुणाला बसेल, हे एखाद्या रविवारच्या पुरवणीत नकाशा काढून सांगितलं असतं तर वाळपईच्या बाजारातल्या माणसाने मोर्चात जाण्याआधी किंवा न जाण्याआधी वाचलं असतं. नेत्याने काय म्हटलं आणि त्यावर विरोधकाने काय म्हटलं, हे आम्हाला पुरेसं मिळालं. नदीबद्दल कमी मिळालं.

आता समईबद्दल बोलते, रागावू नका. आमच्या विभागात भूजलावर एक चर्चासत्र झालं. बाहेरून शास्त्रज्ञ आले होते, खाणींमुळे भूजलाची पातळी कशी बदलते यावर दिवसभर बोलणं झालं. डिचोली, सांगे भागातल्या मुलांनी कागदावर उतरवून घेतलं, इतकं ते कामाचं होतं. दुसऱ्या दिवशी बातमी आली: प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते समई प्रज्वलित करण्यात आली, व्यासपीठावर अमुक, अमुक, अमुक आणि अमुक उपस्थित होते, सूत्रसंचालन यांनी, आभार त्यांनी. फोटोत समई, समईमागे साडेतीन माणसं. भूजल कुठेच नाही. मला माहीत आहे, हे प्रेस नोटवरून येतं आणि प्रेस नोट आमच्यातलाच कुणीतरी पाठवतो. तरी पण तुमचा एक शिकाऊ पत्रकार अर्धा तास मागच्या खुर्चीवर बसला असता! कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेचंही हेच. भूमिका कुणाकुणाच्या, नेपथ्य कुणाचं, प्रकाशयोजना कुणाची, सगळं नीट छापता. नाटक कसं झालं ते लिहायला मात्र कुणी धजत नाही, कारण सगळे एकमेकांच्या ओळखीचे. गोवा लहान आहे, हे खरं. पण दशावताराच्या रात्री मागच्या रांगेतले म्हातारे जी समीक्षा तोंडावर करतात ती तुमच्या कलापानापेक्षा धाडसी असते.

आणि वाढदिवस. मंत्र्यांच्या वाढदिवसाच्या पानभर जाहिराती तुम्हाला जगवतात, याची मला कल्पना आहे. त्या छापा. फक्त त्या दिवशी आतलं तालुक्याचं पान रद्द करू नका. पानं वाढवायची तर वाढवा, पण कात्री साळ गावच्या गडे उत्सवाच्या बातमीवर किंवा सत्तरीतल्या ठाणे गावच्या झरीवर चालवू नका. ज्या पानावर जाहिरात नसते, तेच पान कुणीतरी ब्लेडने न कापता घडी करून बॅगेत ठेवतं.

विद्यापीठ सोडताना पेपराबरोबर आणखीही काही सुटतं, तेही जाता जाता नोंदवते. नोव्हेंबरमध्ये इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा विद्यार्थी पास गळ्यात अडकवून जुन्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, आवारात दिवसभर फिरायचं, एका सिनेमाची रांग सोडून दुसऱ्या रांगेत पळायचं, मध्ये रस्त्यावर चहा आणि पॅटीस. 2004 पासून महोत्सव गोव्यात आहे. माझ्या वयाच्या मुलांना तो गोव्याबाहेर होत असे हे खरंच वाटत नाही. इराणचा, कोरियाचा, सर्बियाचा सिनेमा मी तिथे पाहिला, आणि बरेचसे मध्येच झोप लागून अर्धे पाहिले. त्याबद्दल मला फार हळहळ नाही. साधा पास काढून पुन्हा जाता येईल. आकाशवाणी पणजीचंही तसंच. मेसच्या स्वयंपाकघरात तो लागलेला असे, आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येई, नाट्यगीत संपायच्या आत पोळ्या संपत. रेडिओ कुठेही लागेल.

पेपराचं मात्र तसं नाही. तो एकटीने वाचायची सवय मला नाही, आणि ही अडचण केवळ माझी नाही. मी ऑगस्टमध्ये वेर्ण्याला भूजल सर्वेक्षण करणाऱ्या एका छोट्या कंपनीत रुजू होते आहे. वास्कोत एका खोलीत दोघीजणी राहू. दुसरीचं घर मडगावचं, ती कोण ते तुम्ही ओळखलं असेल. पेपर टाकणारा मुलगा आमच्या तिसऱ्या मजल्यावर चढेल की नाही शंका आहे. तुमच्यापैकी प्रत्येकाची पीडीएफ मला रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फुकट येते, कोण टाकतं ते कुणालाच ठाऊक नाही. ती मी उघडेन, बोटांनी मोठी करेन, सत्तरीच्या पानापर्यंत पोचायच्या आत ऑफिसचा फोन येईल. असेच आमच्या वर्गातले सगळे तुमच्या हातून निसटतील. आम्ही मोबाईलमुळे गेलो असं तुम्ही परिसंवादात म्हणाल. मोबाईल वसतिगृहातही होता, संपादक महोदय. तिथे टेबल होतं आणि टेबलाभोवती माणसं होती.

म्हणून दुसरी विनंती जरा व्यवहाराची आहे. ज्या वर्षी पदवी मिळते, त्या एका वर्षासाठी आमच्यासारख्यांना अर्ध्या दरात पेपर द्या. निकालपत्राची प्रत घ्या हवी तर. पहिल्या पगाराच्या महिन्यात माणूस ज्या गोष्टी लावून घेतो त्या पुढे टिकतात. दूध, डबा, हप्ता. तिथे पेपरही बसू द्या. आणि विद्यापीठातल्या, महाविद्यालयांतल्या वाचनखोल्यांत पेपर येत राहतील एवढं बघा. त्यातून रद्दीशिवाय कुणाला काही सुटत नाही, हे मान्य. पण पुढचा वाचक तिथेच तयार होतो.

तिसरी विनंती नव्हे, सूचना आहे. तुम्हाला सत्तरीतल्या पाण्यावर महिन्यातून एक मजकूर लिहून हवा असेल तर मी लिहीन. मानधन नको म्हणणार नाही. विषय ठरलेले आहेत: कुठल्या पठारावरच्या झरी कधी आटतात, चिरेखाणी खोल गेल्या की खालच्या वाड्याच्या विहिरीचं काय होतं, पंचायतीने बोअरवेलला ना हरकत दाखला देण्याआधी काय तपासावं. नकाशे मी स्वतः काढून देईन, फोटो माझे असतील. अट एकच: खाली माझं नाव आणि गाव छापायचं.

दर कळवा. माझ्या मैत्रिणीने अर्धे पैसे द्यायचं कबूल केलं आहे, शब्दकोडं तिला मिळत असेल तर.

आपली,
भूशास्त्र विभागाची आता माजी विद्यार्थिनी,
मुक्काम सध्या ताळगाव पठार, पुढे वास्को